तळघरातला संप पंप: पाणी चढायच्या आधी करायची कामं

तळघरात पाणी भरतं तेव्हा पंप जळालेलाच असतो असं नाही. बऱ्याचदा तो चालू असतो, घरघर ऐकू येत असते, घरातली माणसं त्या आवाजावर विसंबून वर झोपलेली असतात, आणि खाली पाणी चढत असतं. कुठे पाणी परत खाली येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची झडप खड्यामुळे अडकलेली असते, कुठे पाइपचं बाहेरचं तोंड मातीने बुजलेलं असतं, कुठे पंपाने हवा धरलेली असते. म्हणून पंपाइतकंच लक्ष पाण्याच्या वाटेकडे द्यावं लागतं: पाणी खड्ड्यात किती वेगाने येतं, कुठल्या पातळीला पंप सुरू होतो, आणि शेवटी ते पडतं कुठे. चाचणी घेताना कान पंपाकडे असले तरी डोळे पाण्याच्या पातळीवर हवेत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. जमिनीखालच्या साठवणीच्या टाकीलाही बरेच जण संप म्हणतात. इथे तो अर्थ नाही. तळघराच्या सगळ्यात खोलगट कोपऱ्यात, जमिनीतून पाझरणारं पाणी गोळा व्हावं म्हणून केलेला खड्डा, आणि त्यात बसवलेला पंप, एवढाच विषय आहे. सांडपाण्याचा किंवा मैल्याचा पंप वेगळा असतो, त्याला इथल्या सूचना लागू करू नका.

खड्ड्यात काय काय असतं

साधारण ४५ सेंमी व्यासाचा आणि ६० ते ७५ सेंमी खोल खड्डा, त्यात पंप, पंपाला जोडलेला फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगत पातळीप्रमाणे पंप चालू-बंद करणारा, पुढे नुसता फ्लोट), वर जाणारा ४० किंवा ५० मिमीचा पाइप, त्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पुढे याला एनआरव्ही म्हणू), आणि घराबाहेर निघणारं पाइपचं तोंड. पंप दोन प्रकारचे. सबमर्सिबल पूर्ण पाण्यात बुडून चालतो आणि त्याची मोटर भोवतीच्या पाण्याने थंड होते. पेडेस्टलची मोटर दांड्यावर, खड्ड्याच्या वर असते. दुरुस्तीला पेडेस्टल सोपा, पण आवाज जास्त, आणि तळघरात पाणी भरलंच तर त्याची मोटर भिजते.

या सगळ्यात सगळ्यात जास्त त्रास देणारा भाग म्हणजे फ्लोट. मोटर वर्षानुवर्षं टिकते, फ्लोट मात्र रोज हलतो, कशाला तरी अडकतो, त्यावर बुळबुळीत थर बसतो, आतले कॉन्टॅक्ट काळे पडतात. केबलला लोंबणारा फ्लोट असेल तर त्याला फिरायला मोकळी जागा लागते. अरुंद खड्ड्यात, म्हणजे ३० सेंमी किंवा त्याहून कमी व्यासाच्या, हा फ्लोट भिंतीला टेकून राहतो. तिथे उभ्या दांड्यावर वर-खाली सरकणारा फ्लोटच घ्यावा. पंप चालताना थरथरतो आणि महिन्यागणिक थोडा थोडा सरकतो. बसवताना मधोमध असलेला पंप वर्षभराने भिंतीकडे गेलेला दिसतो, आणि फ्लोट पंप नि भिंत यांच्या फटीत चेपलेला असतो. असा फ्लोट खाली अडकला तर पंप सुरू होत नाही, वर अडकला तर थांबत नाही. दोन्ही वाईट.

आधी आपला खड्डा मोजून घ्या

हे काम एकदाच करायचं आहे आणि पुढची सगळी चाचणी यावर उभी आहे. खड्ड्याचा आतला व्यास मोजा. ४५ सेंमी व्यास असेल तर पाण्याची पातळी १ सेंमी चढली की जवळपास १.६ लिटर पाणी आलं. खड्ड्याच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या मार्करने दर ५ सेंमीवर रेघा मारून ठेवा.

आता दोन आकडे काढायचे.

पहिला, पाणी येण्याचा वेग. जोरदार पावसात, पंप थांबल्यावर लगेच घड्याळ लावा आणि एका मिनिटात पातळी किती चढते ते बघा. (एनआरव्ही धड असेल तरच हा आकडा खरा निघतो.) १० सेंमी चढली तर मिनिटाला १६ लिटर, म्हणजे तासाला साधारण ९५० लिटर पाझर आहे.

दुसरा, पंपाचा उपसा. हा कोरड्या दिवसात मोजा, म्हणजे मध्ये पाझराची भर पडत नाही. बादल्यांनी खड्डा फ्लोट उचलेपर्यंत भरा. पातळी २० सेंमी उतरायला किती सेकंद लागतात ते लिहा. २० सेंमी म्हणजे ३२ लिटर. ते २० सेकंदांत गेले तर उपसा तासाला साधारण ५,७०० लिटर. पुढच्या वर्षी याच २० सेंमीला ३५ सेकंद लागले तर पंप 'चालतोय' म्हणून निर्धास्त राहू नका. जाळी, झडप, पाइप किंवा इम्पेलर (पंपातलं पाणी फेकणारं पात्यांचं चक्र) यांपैकी कुठेतरी अडथळा आलेला आहे.

नवीन पंप घेतानाही हेच आकडे कामी येतात. खोक्यावर ठळक छापलेला उपसा बहुतेक वेळा शून्य उंचीचा असतो. पाणी ३ मीटर वर चढवताना तो बराच कमी होतो आणि पाइपमधलं प्रत्येक वळण त्यात आणखी घट करतं. पंपासोबत येणाऱ्या पत्रकातल्या तक्त्यात आपल्या उंचीसमोरचा आकडा बघा. तो सगळ्यात जोराच्या पाझराच्या दीडपट तरी असावा. फार मोठा पंप घेण्यातही अर्थ नाही, कारण तो खड्डा काही सेकंदांत रिकामा करतो आणि सतत चालू-बंद होत राहतो.

दर महिन्याची पाच मिनिटं

झाकण उघडा, टॉर्च मारा. फ्लोट मोकळा आहे का, केबल त्याच्याभोवती गुंडाळली गेली आहे का, पाण्यावर तेलाचा तवंग आहे का, तळाशी किती गाळ आहे, एवढं बघा. मग साधारण २० लिटरची बादली हळूहळू ओता, गरज पडली तर दुसरी. पंप सुरू झाला पाहिजे, पातळी उतरली पाहिजे आणि पंप आपोआप थांबला पाहिजे. या तिन्ही गोष्टी झाल्या तरच चाचणी पूर्ण. फ्लोट हाताने उचलून पंप सुरू करून बघणं ही चाचणी नव्हे, कारण त्याने फक्त स्विच आणि मोटर तपासली जाते. फ्लोट पाण्यावर नीट तरंगतो का, हे पाणी ओतल्याशिवाय कळत नाही.

पंप चालू असताना दुसऱ्या कुणाला बाहेर पाइपच्या तोंडाशी उभं करा. तिथे भरगच्च धार पडायला हवी. बारीक, तुटक धार आली तर वाट अडलेली आहे.

याच वेळी विजेच्या बोर्डावरच्या आरसीसीबीचं (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबून बघा. आरसीसीबी लगेच पडला, म्हणजे बंद झाला पाहिजे. पंपाच्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, नीट अर्थिंग आणि शक्यतो स्वतंत्र एमसीबी (करंट फार वाढला की पडणारा स्विच) हवा. सॉकेट जमिनीपासून किमान मीटरभर उंच हवं. एक्स्टेन्शन बोर्ड लावून पंप चालवू नका: लांब, बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडतं, मोटर तापते, आणि तो बोर्ड तळघराच्या फरशीवर पडलेला असतो.

वर्षातून एकदा: पंप बाहेर काढून सफाई

पावसाळा सुरू व्हायच्या महिनाभर आधीचा कोरडा दिवस निवडा, म्हणजे एखादा भाग खराब निघाला तर आणायला वेळ राहतो. काम दीड-दोन तासांचं आहे. रबरी हातमोजे, गमबूट, दोन बादल्या, टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, जुना कडक ब्रश, एक मग, टेफ्लॉन टेप आणि स्टेनलेस स्टीलच्या दोन नव्या क्लिपा जवळ ठेवा. जुनी क्लिप उघडल्यावर पुन्हा तशीच आवळेल असं गृहीत धरू नका.

१. एमसीबी बंद करा आणि प्लगही काढा. दोन्ही. बॅटरीवरचा बॅकअप असेल तर तोही सोडवा, नाहीतर मेन गेली असं समजून तो पंप सुरू करेल.

२. काहीही सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा: फ्लोटची केबल किती लांब सोडली आहे, कुठे बांधली आहे, एनआरव्हीवरचा बाण कुठल्या दिशेला आहे.

३. एनआरव्हीजवळची युनियन (पाइपचा उघडता येणारा जोड) किंवा रबरी जोड सोडा. झडपेच्या वरच्या पाइपमध्ये पाणी उभं असतं. ४० मिमीच्या पाइपमध्ये मीटरमागे सव्वा लिटर, म्हणजे ३ मीटर उंचीला जवळपास पावणेचार लिटर. ते एकदम खाली येतं, म्हणून बादली आधी धरा.

४. पंप त्याच्या मुठीने किंवा मुठीला बांधलेल्या दोरीने उचला, केबलने कधीही नाही. केबल जिथे मोटरमध्ये शिरते तिथलं सील ताणाने उघडतं. तो दोष दिसत नाही, पण तिथून पाणी आत झिरपतं आणि काही महिन्यांनी आरसीसीबी पडायला लागतो.

५. पंप उताणा करा आणि खालची जाळी काढा. आत केस, धागे, प्लास्टिकचे तुकडे, बारीक खडी सापडते. इम्पेलर लाकडी काडीने फिरवून बघा. तो अडथळ्याविना फिरला पाहिजे आणि वर-खाली खडखडता कामा नये. पाती झिजून कडा गोल झाल्या असतील तर उपसा कमी होण्याचं कारण सापडलं.

६. पांढरा कडक थर असेल तर तो क्षारांचा. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन जाळी त्यात तासभर भिजवा, मग ब्रशने घासा. नारिंगी-तपकिरी, जेलीसारखा थर असेल तर तो लोहजिवाणूंचा. पाण्यात लोह जास्त असलं की हा पुन्हा पुन्हा येतो, आणि अशा घरात ही सफाई वर्षातून एकदा पुरत नाही, तीन महिन्यांनी करावी लागते. टॉयलेट साफ करायचं ॲसिड वापरू नका, ते धातू आणि सील दोन्ही खातं. आणि व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका: त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि बंद तळघरात तो जिवावर बेततो.

७. खड्ड्यातलं पाणी मगाने काढा, गाळ खरवडून बादलीत भरा. गाळ भरपूर आणि रेतीचा असेल तर भोवतालच्या पाझर-पाइपांमधून (जमिनीतलं पाणी खड्ड्यात आणणाऱ्या पाइपांमधून) माती आत येते आहे. कपडे धुण्याच्या मशिनचं पाणी या खड्ड्यात सोडलेलं असेल तर ते बंद करा. कपड्यांचे तंतू इम्पेलरभोवती दोरीसारखे वळले जातात.

८. पंप तळाच्या सुट्या खडीवर ठेवू नका. साधारण ५ सेंमी जाडीची सपाट फरशी किंवा वीट खाली ठेवा आणि पंप तिच्यावर लेव्हलमध्ये बसवा. त्याने गाळ ओढला जात नाही आणि पंप सरकतही कमी.

९. फ्लोट साबणाच्या पाण्याने पुसा, हातात घेऊन हलवा. आत पाणी खळखळलं किंवा तो जड लागला तर बदला. फ्लोटला चीर गेली की दुरुस्ती नसते.

१०. परत जोडताना फ्लोटच्या केबलची लांबी फोटोप्रमाणे ठेवा आणि पूर्ण फिरताना तो पाइपला, भिंतीला, पंपाच्या केबलला लागत नाही ना, ते हाताने फिरवून बघा. मोटरची केबल पाइपला केबल-टायने बांधून टाका.

मग किमान तीन वेळा पाणी ओतून पूर्ण चक्र चालवा. पहिल्या वेळी सगळं ठीक दिसतं. जोडातली गळती दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बाहेर येते.

फ्लोटची पातळी: इथे घाई नको

पंप सुरू होण्याची पातळी खड्ड्यात शिरणाऱ्या पाझर-पाइपच्या तळापेक्षा थोडी खाली हवी. ती वर ठेवली तर पाणी त्या पाइपांमध्ये साचून राहतं, गाळ तिथेच बसतो आणि पायाभोवतीची माती ओली राहते. थांबण्याची पातळी पंपाच्या पत्रकात दिलेल्या किमान पातळीच्या वर हवी. सबमर्सिबल कोरडा चालला तर सील तापून कडक होतं आणि मग पाणी मोटरमध्ये जातं.

या दोन पातळ्यांमधलं अंतर पंपाचं आयुष्य ठरवतं. मिनिटाला १६ लिटर पाझर धरा. २० सेंमी अंतर असेल तर खड्डा भरायला दोन मिनिटं आणि उपसायला साधारण २५ सेकंद लागतात, म्हणजे तासाला पंचवीसेक वेळा पंप सुरू होतो. तेच अंतर ५ सेंमी ठेवलं तर तासाला १०० वेळा. सुरू होतानाच्या क्षणी मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि ती उष्णता बाहेर पडायच्या आत पुढची सुरुवात होते. शेवटी थर्मल ओव्हरलोड (मोटर फार तापली की पडणारा स्विच) मोटर बंद करतो, आणि तो नेमका सगळ्यात जोराच्या पावसात बंद करतो.

एनआरव्ही आणि ते बारीक भोक

एनआरव्ही नसेल किंवा गळत असेल तर वर पाठवलेलं पाणी पंप थांबताच परत खाली येतं. ओळखायची खूण सोपी आहे. पंप थांबल्यावर पातळीकडे बघा. मघाच्या ३ मीटर पाइपमधलं पावणेचार लिटर पाणी ४५ सेंमीच्या खड्ड्यात साधारण अडीच सेंमी चढतं. पातळी झटकन अडीच सेंमी चढून थबकली तर ते पाइपमधलंच पाणी. सावकाश, न थांबता चढत राहिली तर तो जमिनीचा पाझर.

व्हॉल्व्ह उघडून झडपेची बसण्याची जागा बोटाने चाचपा. तांदळाएवढा खडा तिथे अडकला तरी झडप पूर्ण मिटत नाही. रबर वाकडं किंवा कडक झालं असेल तर सरळ नवा व्हॉल्व्ह बसवा, ही वस्तू पंपाच्या मानाने फारच स्वस्त आहे. बसवताना बाण वरच्या, म्हणजे पाणी जाण्याच्या दिशेला. पंप थांबताना दरवेळी धाडकन आवाज येत असेल तर झडप उशिरा मिटते आहे. स्प्रिंगची झडप आणि दोन्ही बाजूंना रबरी जोड लावले की आवाज बराच कमी होतो.

आता ते भोक. पंप आणि एनआरव्ही यांच्यामधल्या पाइपला ४ ते ५ मिमीचं भोक असावं. पाणी उतरल्यावर पंपाच्या पोकळीत हवा शिरते. वर मिटलेली झडप आणि तिच्यावर पाण्याचा भार. भोक नसेल तर हवेला बाहेर पडायला वाट उरत नाही, इम्पेलर हवेतच फिरत राहतो आणि पाणी वर जात नाही. यालाच पंपाने हवा धरली म्हणतात. काही पंपांना हे भोक कारखान्यातच दिलेलं असतं, म्हणून आधी पत्रक बघा. नसेल तर पंपाच्या तोंडापासून साधारण ५ सेंमी वर, ड्रिल असं तिरकं धरा की उडणारी धार खाली खड्ड्यातच पडेल. पंप चालू असताना त्यातून बारीक पिचकारी उडते, ती गळती समजून एम-सील लावून बुजवू नका. चांगला चालणारा पंप अशा 'दुरुस्ती'नेच बिघडतो. दर सफाईत तारेने ते भोक मोकळं करा.

बाहेर पडलेलं पाणी परत आत येऊ नये

पाइपचं तोंड पायापासून किमान ३ मीटर दूर, आणि तिथून जमीन घरापासून दूर उतरणारी हवी. भिंतीलगतच्या पहिल्या ३ मीटरमध्ये १५ सेंमी उतार असेल तर उत्तम. तोंड भिंतीशीच असेल तर तेच पाणी मातीतून झिरपून पुन्हा खड्ड्यात येतं आणि पंप एकच पाणी दिवसभर फिरवत बसतो. पाणी सार्वजनिक मलनिस्सारणाच्या गटारात सोडायला अनेक ठिकाणी मनाई असते, ते आधी विचारून घ्या.

छताच्या पाण्याचा हिशेब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. १०० चौरस मीटर छतावर फक्त १० मिमी पाऊस पडला तरी १,००० लिटर पाणी होतं. पन्हळीचा पाइप भिंतीच्या पायाशी सोडलेला असेल तर त्यातलं बरंचसं तुमच्याच पंपाला उपसावं लागतं. पन्हळी साफ करणं आणि तो पाइप लांब नेणं, याने पंपाचं काम जितकं कमी होतं तितकं मोठा पंप बसवूनही होत नाही.

पाइपच्या तोंडाला जाळी लावा, पण बोट जाईल एवढ्या छिद्रांची. बारीक जाळी पानांनी आठवड्यात बुजते. जिथे हिवाळ्यात पाणी गोठतं तिथे बाहेरचा आडवा पाइप सलग उतारावर ठेवा, म्हणजे पंप थांबल्यावर त्यात पाणी साचत नाही.

बिघाड कुठे आहे ते कसं ओळखायचं

पंप अजिबात सुरू होत नाही: आधी एमसीबी आणि आरसीसीबी, मग प्लग, मग फ्लोट. फ्लोटचा प्लग पंपाच्या प्लगमागे जोडलेला असेल तर तो बाजूला करून पंप थेट सॉकेटमध्ये लावा. खड्ड्यात पुरेसं पाणी असताना पंप चालला तर दोष फ्लोटचा. आरसीसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल तर तो वगळून पंप चालवायचा मोह टाळा. मोटरच्या इन्शुलेशनमध्ये पाणी गेलेलं असतं आणि वीज त्याच खड्ड्यात उतरते ज्यात तुम्ही हात घालणार असता. इलेक्ट्रिशियनकडून मेगरने (इन्शुलेशन तपासायच्या मीटरने) तपासून घ्या.

मोटर नुसती घुमते, फिरत नाही: लगेच बंद करा. अशा अवस्थेत वाइंडिंग जळायला फार वेळ लागत नाही. इम्पेलर जाम असेल किंवा कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा भाग) गेलेला असेल. इम्पेलर हाताने मोकळा फिरत असेल तर संशय कपॅसिटरवर.

पंप चालतो, पातळी उतरत नाही: जाळी, हवा धरणं, एनआरव्ही उलटा किंवा अडकलेला, बाहेरचं तोंड बंद, या क्रमाने बघा. सगळं ठीक असेल तर इम्पेलर शाफ्टवर सैल झालेला असतो: मोटर फिरते, तो फिरत नाही.

पंप थांबतच नाही: फ्लोट वर अडकला आहे, किंवा पाझर उपशाइतका झाला आहे. कोरड्या दिवसातही पंप चालत राहिला तर जमिनीखालचा पाण्याचा नळ फुटलेला असू शकतो. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर फिरतंय का बघा.

पाण्यावर तेलाचा तवंग: तेल भरलेल्या मोटरचं सील गेलं. पंप चालत असला तरी बदलायची तयारी ठेवा. एरवीही पंपाचं वय ७ ते १० वर्षं झालं की बंद पडायची वाट बघू नये. बसवल्याची तारीख पाइपवर मार्करने लिहून ठेवा.

वीज गेल्यावर

मोठा पाऊस आणि वीज जाणं हे सहसा जोडीनेच येतं, म्हणून बॅकअप ही चैन नाही. हिशेब असा करा: पाझर तासाला ९५० लिटर, उपसा ५,७००, म्हणजे पंप तासातली १० मिनिटं चालतो. पंप ५०० वॅट घेत असेल तर तासाला ८३ वॅट-तास लागले. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाच्या लेड-ॲसिड बॅटरीत १,२०० वॅट-तास असतात, पण निम्म्याखाली उतरवली तर तिचं आयुष्य घटतं, म्हणून ६०० धरा. इन्व्हर्टरमध्ये १५ टक्के गेले की ५१० उरतात. म्हणजे सुमारे ६ तास, आणि इन्व्हर्टर स्वतः २० वॅट खात असेल तर ५. यापेक्षा लांब वीज जात असेल तर दुसरी बॅटरी लागेल. इन्व्हर्टर घेताना चालू पंपाचे वॅट बघून घेऊ नका. सुरुवातीचा धक्का पेलला नाही तर ५०० वॅटचा पंप ६०० वॅटच्या इन्व्हर्टरवर सुरूच होत नाही.

बॅटरी डीप-सायकल (पुन्हा पुन्हा बरीच उतरवायला बनवलेली) हवी, गाडीची नको. पूर्ण चार्ज होऊन काही तास स्वस्थ ठेवल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी. बॅटरीतल्या पाण्याची पातळी कमी झाली तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. टर्मिनलवरची हिरवी-पांढरी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, त्या पाण्याचा थेंबही बॅटरीत जाऊ न देता. चार महिन्यांतून एकदा मेन बंद करून खरोखर बॅटरीवर पंप चालवून बघा. दिवा हिरवा असणं पुरेसं नाही. जनरेटर वापरत असाल तर तो घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून लांब. तळघरात कधीही नाही, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

पाणी नेहमीच्या सुरू होण्याच्या पातळीपेक्षा ५ सेंमी वर गेलं की वाजणारा बॅटरीवरचा अलार्म बसवून घ्या. पंप, फ्लोट, एनआरव्ही, वीज, काहीही बिघडलं तरी वाजणारी ही एकमेव वस्तू आहे. आवाज वरच्या मजल्यावर झोपेत ऐकू येतो का, हेही एकदा दार लावून तपासा.

तरीही पाणी भरलंच तर

पाण्यात पाऊल टाकण्याआधी वीज वरून बंद करा. मेन बोर्डच तळघरात असेल आणि तिथवर पाण्यातूनच जावं लागत असेल तर जाऊ नका, वीज कंपनीला बाहेरून पुरवठा तोडायला सांगा.

तळघर कमरेएवढं भरलं असेल तर सगळं पाणी एका दमात उपसू नका. बाहेरची माती अजून पाण्याने फुगलेली असते आणि तिचा दाब आतलं पाणी काही अंशी तोलून धरतं. ते अचानक काढलं तर भिंतीला तडा जाऊ शकतो. फूटभर उपसा, भिंतीवर खूण करा, रात्रभर थांबा. सकाळी पाणी खुणेच्या वर आलं असेल तर बाहेरचा दाब अजून उतरलेला नाही, आणखी एक दिवस थांबा. खुणेवरच राहिलं असेल तर पुढचं फूटभर उपसा. पेडेस्टल पंपाची मोटर भिजली असेल तर ती उघडून, वाळवून, मेगरने तपासल्याशिवाय सुरू करू नका. पाण्यात बुडालेले इन्व्हर्टर, सॉकेट आणि एमसीबी वाळले तरी पुन्हा वापरायचे नाहीत, नवेच बसवायचे.